मुख्य चालक

भिंगरीला अठरा वर्षं पूर्ण होऊन महिना झाला होता आणि हातात कोरं करकरीत लायसन्स आलं होतं. घरच्या लाँड्रीची गाडी आता तिनेच चालवायची होती. इतकी वर्षं ती चालवणारा मामा नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेला होता, आणि दोन दवाखान्यांच्या चादरी, तीन हॉटेलांचे टॉवेल रोज सकाळी पोचवावेच लागत. गाडीचा विमा तेवढा नव्याने उतरवायचा राहिला होता.

त्यासाठी विमेकाका घरी आले. गेली वीस वर्षं या घरातला प्रत्येक विमा त्यांनीच उतरवलेला. इस्त्रीच्या टेबलावरच्या चादरी बाजूला सारून त्यांनी फॉर्म पसरला आणि भिंगरीकडे न बघताच म्हणाले, "पोरीचं नाव घातलं तर हप्ता दुप्पट होतो. या वयाची पोरं म्हणजे कंपनीच्या डोक्याला ताप. आपण मुख्य चालक म्हणून ड्रायव्हरसाहेबांचं नाव लिहू. तीस वर्षं बस चालवली, एक ओरखडा नाही!"

ड्रायव्हरसाहेब म्हणजे भिंगरीचे बाबा. खुर्चीत ते जरा ताठ बसले. काचबिंदूमुळे दोन वर्षांपूर्वी त्यांना बसवरून उतरवलं होतं, त्यानंतर त्यांना कुणी या नावाने हाक मारली नव्हती.

"लिहा," ते म्हणाले.

काकांचं पेन भराभर चालू लागलं. 'दृष्टिदोष आहे का?' या प्रश्नापुढे ते 'नाही'वर खूण करणार, तोच भिंगरीने फॉर्मवर तळहात ठेवला.

"काका, हे खोटं आहे."

"अगं, सगळेच असं लिहितात. कोण बघायला येतंय?"

"रोज कोणी येत नाही. पण मी कुणाला धडक दिली, तर सगळे बघायला येतील. तेव्हा तुम्ही याल का सांगायला, की गाडी बाबा चालवत होते म्हणून?"

काकांनी पेनाला टोपण लावलं. "वहिनी, पोरीला आवरा."

आई चादरीची घडी घालत होती. तिने नुसती घडी पुरी केली. बोलले ते बाबा, आणि तेही घर हादरेल अशा आवाजात. "माझ्याच घरात मला आंधळा ठरवतेस? मला सगळं दिसतं! काल जन्मलीस आणि आज मला गाडी शिकवतेस?"

"मी आंधळा म्हटलेलं नाही, बाबा. मी 'खोटं' म्हटलं."

"चल बाहेर. आत्ता दाखवतो."

चौघंही रस्त्यावर आली. गाडी दारासमोरच उभी होती. बाबा स्टिअरिंगमागे बसले. किल्ली भिंगरीने दिली नाही, नुसतं काय काय दिसतं ते सांगा म्हणाली, आणि बाबांनाही तेवढंच हवं होतं. रस्त्याच्या टोकाला असलेल्या औषधाच्या दुकानाची पाटी त्यांनी अक्षरन् अक्षर वाचली. समोरून येणाऱ्या सायकलवाल्याच्या शर्टाचा रंग सांगितला. विमेकाका टाळी वाजवायच्या बेतात होते.

"आई कुठे आहे?" भिंगरीने विचारलं.

"घरात गेली असेल. रस्ता मोकळा आहे."

आई गाडीच्या डाव्या दिव्यापासून दोन हातांवर उभी होती. काखेत टॉवेलांची टोपली होती. ती काही तिथे मुद्दाम उभी राहिली नव्हती. टोपली डिकीत ठेवायला निघाली होती आणि प्रश्न ऐकून थबकली होती. बाबांच्या नजरेच्या कडा आजाराने कुरतडल्या होत्या. समोरचं स्वच्छ दिसायचं, म्हणूनच बाजूचं दिसत नाही हे त्यांना स्वतःला कधी पटत नसे.

"मी इथे आहे," आई म्हणाली.

बाबांनी मान वळवली आणि तिच्याकडे बघतच राहिले. मग ते उतरले, घरात गेले आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं.

"हात दाखवून अवलक्षण," विमेकाका पुटपुटले. "आता दुसरा एजंट शोधा. भोळ्या माणसांचं काम माझ्याकडे होत नाही."

"बरं झालं," आई म्हणाली. ती एवढंच बोलली, पण काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्याचं स्पष्ट दिसलं.

दुसऱ्या दिवशी मायलेकी थेट विमा कंपनीच्या ऑफिसात गेल्या. काउंटरमागच्या बाईंनी जन्मतारीख बघून चष्मा खाली केला. "एवढ्या लहान मुलीला मुख्य चालक? आमचे आकडे काय सांगतात माहितीये? सगळ्यात जास्त अपघात याच वयात."

"सांगत असतील," भिंगरी म्हणाली. "पण गाडी आकडे चालवत नाहीत, मी चालवते. माझी परीक्षा घ्या हवी तर."

बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी खण उघडून एक माहितीपत्रक काढलं. गाडीत एक छोटी डबी बसवायची. वेग, करकचून लावलेले ब्रेक, धोक्याची वळणं, सगळं तिच्यात नोंदलं जातं. वर्षभर चालवणं नीट दिसलं तर पुढच्या वर्षी हप्ता उतरतो. "बहुतेक मुलं नको म्हणतात," बाई म्हणाल्या. "पाळत ठेवल्यासारखं वाटतं त्यांना."

"बसवा. आणि नाव माझंच लिहा. पूर्ण."

पहिल्या वर्षीचा हप्ता खरंच दुप्पट होता. आईने नवं वाळवणयंत्र घ्यायचं पुढे ढकललं. सही करताना ती लेकीला एवढंच म्हणाली, "दोऱ्या बांधू अंगणात. ऊन फुकट असतं."

बाबा आठवडाभर भिंगरीशी बोलले नाहीत. आठव्या दिवशी सकाळी ती टोपल्या भरत असताना ते येऊन शेजारच्या सीटवर बसले. पट्टा लावला. त्या डबीकडे बघून म्हणाले, "ही चुगलखोर इथे कशाला?"

"मी कशी चालवते ते सांगायला," म्हणत भिंगरीने गाडी काढली.

"ते मी सांगतो. क्लच उशिरा सोडतेस. आणि वळणाआधी गिअर उतरव, वळणात नाही."

तिने गिअर उतरवला. दवाखान्यात चादरी दिल्या, हॉटेलांत टॉवेल दिले. परत फिरताना बाबा म्हणाले, "डावीकडे घे. लायसन्सच्या ऑफिसला."

तिने डावीकडे घेतलं.

खिडकीपाशी बाबांनी खिशातून आपलं लायसन्स काढलं. त्याच्या कडा झिजून मऊ झाल्या होत्या. कारकुनाने फॉर्म पुढे केला. "परत करण्याचं कारण? इथे दोनच पर्याय आहेत. हरवलं किंवा धारकाचा मृत्यू."

"हरवलं असतं तर तुमच्या हातात कसं असतं? आणि मेलो असतो तर रांगेत उभा राहिलो असतो का?"

मागची माणसं हसली. कारकून वैतागला. "मग काय लिहू, आजोबा?"

"आजोबा नाही. ड्रायव्हर. लिहा, बाजूचं दिसत नाही म्हणून स्वतः होऊन परत केलं. स्वतः होऊन, हे नीट लिहा. कुणी काढून घेतलेलं नाही."

"तेवढी जागा नाहीये फॉर्मवर."

"मग मागच्या बाजूला लिहा," भिंगरी म्हणाली. "आम्ही थांबतो."

रांगेतून कुणीतरी कुरकुरलं. बापलेक जागचे हलले नाहीत. अखेर कारकुनाने फॉर्म उलटा केला आणि पेन उचललं.