चपला सापडेपर्यंत

आमच्या ह्यांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते. त्यांनी कोणावर तलवार उपसली ते मला माहीत नाही. पण ह्यांनी ज्याच्यावर जीभ उपसली नाही असं गिऱ्हाईक इंदूरच्या मल्हारगंजात शोधून सापडायचं नाही. पितळेच्या भांड्यांचं आमचं दुकान, मागे घर, मधे एक पडदा. पडद्याआड मी भाजी निवडते आणि पुढे प्रतापराव गिऱ्हाइकं निवडतात.

"घागर महाग आहे," असं कोणी म्हणालं की हे म्हणणार, "तो मटका ले जाओ, सामने कुम्हार बैठा है." गिऱ्हाईक भडकून ओट्यावरून उतरणार आणि चपला शोधायला लागणार. ह्या चपला शोधण्यावरच आमचा सगळा धंदा चालतो. ज्याला खरोखर जायचं असतं तो चपलेत पाय घालतो आणि जातो. ज्याला थांबायचं असतं त्याला चपला सापडत नाहीत. उजवी डाव्या पायात घालून बघतो, धूळ झटकतो आणि कान मागे ठेवतो. हे ती चाल बरोबर ओळखतात. मग पोटातून हाक येते, "ओ बाईजी, या हो परत! ले जाओ, घर की बात है." भाव उतरतो, आवाज काही उतरत नाही. गिऱ्हाइकं ह्यावर खूश होती.

पण सोयरिकीला असला बाप कोणाला हवा? आमच्या सरोजिनीची दोन स्थळं ह्यांच्या तोंडाची कीर्ती ऐकून परत गेली. तिसरं मानपूरचं आलं. मुलगा श्रीकृष्ण, मध्यभारत सरकारच्या कचेरीत कारकून. सरकार उन्हाळ्यात इंदूरला आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला, त्यामुळे ह्याचा बाडबिस्तरा कायम बांधलेला. सरूनं त्याला खजरान्याच्या गणपतीला दर्शनाच्या गर्दीत पाहिलं होतं. घरी आल्यावर ती चहात साखर टाकायची विसरायला लागली, तेव्हा मी काय ते समजले. हे स्थळ मला हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

मध्यस्थ दत्तोपंत एक दिवस बजावून गेले, "मुलाची आई न सांगता दुकानात येणार आहे, गिऱ्हाईक म्हणून. तुमचा स्वभाव बघायचाय तिला. प्रतापराव, जरा जबान सम्हालो."

ह्यांना घामच फुटला. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक अनोळखी बाईत ह्यांना विहीण दिसायला लागली. "या, बसा, सरबत घ्या. भाव तुम्हीच सांगा, आपलंच दुकान आहे." गिऱ्हाइकं घाबरली. एकीनं कुठे तडा गेलाय का म्हणून घागरीला टिचक्या मारून मारून बघितलं. दुसरी सरबत न पिताच सटकली, आणि तिला तिच्या चपला लगेच सापडल्या. शेजारचे शंकरराव हलवाई पडद्यापाशी येऊन मला विचारून गेले, "भाभी, प्रताप भिया की तबियत तो ठीक है ना?" धंदा बसला. इतकी सभ्यता आमच्या दुकानाला झेपणारी नव्हती.

मग एका दुपारी विटक्या लुगड्यातली एक बाई आली. घागर बघायला लागली. ह्यांनी सरबत पुढे केलं.

"मी घागर घ्यायला आले, पाहुणचाराला नाही. भाव सांगा."

"तुम्ही म्हणाल तो, बाईजी."

"मी अर्धा म्हणेन."

"घ्या."

बाईनं घागर खाली ठेवली आणि ह्यांना नीट न्याहाळलं. "अर्ध्यात देताय? म्हणजे पत्रा पातळ आहे."

मी पडद्याआड डोळे मिटले. बाईनं शिवी दिली असती तर एक वेळ चाललं असतं.

"पातळ?" हे उठलेच. "ये घागर छत से फेको, छत टूटेगी! पातळ पत्रा तुमच्या डोक्याचा असेल! आणि अर्धा भाव विसरा आता. पूर्ण द्या, नाहीतर मटका ले जाओ, सामने कुम्हार बैठा है!"

"कुंभार निदान माणसासारखा बोलतो!"

अर्धी गल्ली गोळा झाली. कित्येक दिवसांनी ह्यांचा चेहरा फुलला होता. शेवटी बाई ओट्यावरून उतरली, चपला शोधायला लागली. हाक गेली, ती परत आली, भाव तुटला आणि घागर गेली. जाताना ती सरबतही पिऊन गेली.

संध्याकाळी दत्तोपंत आले. दुपारची ती बाई म्हणजेच जनाबाई, श्रीकृष्णाची आई. मी कपाळाला हात लावला.

"अहो, त्यांना पसंत आहे," दत्तोपंत म्हणाले. "म्हणाल्या, गोड बोलत होता तोवर मला भीती वाटत होती. भांडायला लागला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला."

मग आमच्याकडे बैठक झाली. मुलाचे वडील हयात नव्हते, सगळा कारभार जनाबाईंचा. मुलगी पसंत, पत्रिका जुळली, आणि त्यांनी हुंड्याचा आकडा सांगितला. तो काही छातीत धडकी भरवणारा नव्हता. थोडी घासाघीस केली असती तर सहज खाली आला असता.

पण हे म्हणाले, "भाव पुढे दुकानात होतो, बाईजी. इथे नाही. माझी पोर म्हणजे घागर नाही."

खरं सांगते, मला त्या वेळी ह्यांचा अभिमान वाटला आणि ह्यांचा गळा दाबावासाही वाटला.

"मग आम्ही निघतो," म्हणून जनाबाई उठल्या. हे भिंतीकडे तोंड करून बसले. जन्मभर गिऱ्हाइकाच्या पायांकडे बघत आलेला माणूस, आणि आज नेमका बघेना. दत्तोपंत टोपी चाचपत राहिले.

सरू पोह्यांची ताटली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती बघत होती. जनाबाई उंबऱ्यापलीकडे वाकून चपला शोधत होत्या. दोन्ही चपला त्यांच्या पायात होत्या.

"ओ बाईजी!" सरूनं पोटातून हाक मारली, थेट बापाच्या थाटात. "या हो परत! घर की बात है."

जनाबाई वळल्या. "आणि हुंडा?"

"एक पैसाही नाही. पोहे आहेत."

जनाबाई चपलांसकट आत आल्या आणि ताटली ओढून बसल्या. "केव्हाची ओणवी उभी आहे मी," त्या ह्यांच्यावर खेकसल्या. "कंबर मोडली माझी! भाऊ, धंदा विसरलात की काय?"

हे अजून भिंतीकडेच तोंड करून होते. खांदे हलत होते. हसताहेत असं वाटून मी जवळ गेले, तर धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते.

"ले जाओ, बाईजी," ते म्हणाले, पण इतक्या हळू की जनाबाईंना ऐकूच गेलं नाही. मला सांगावं लागलं.