चारचौघांतलं बाळंतपण

मावशींनी चाळीस वर्षं प्रसूतिगृहात सुईणपण केलं आणि त्या चाळीस वर्षांत बाळंतिणीच्या खोलीत एकही रिकामा माणूस उभा राहू दिला नाही. सासू असो, नवरा असो, नाहीतर शिकाऊ डॉक्टरांचा घोळका असो, सर्रकन पडदा ओढून त्या सांगायच्या, "बाहेर थांबा, पोर काही पळून जात नाही." आणि आता त्यांची एकुलती एक लेक कलादालनात, पंचवीस खुर्च्यांसमोर बाळंत व्हायला निघाली होती. कला म्हणून. यावर माणसाने बोलावं तरी काय?

मावशी बोलल्या मात्र भरपूर. याआधी लेक तीन दिवस काचेच्या खोलीत नुसती खुर्चीवर बसून राहिली होती, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "आमच्या ओपीडीबाहेर रोज दोनशे माणसं हीच कला करतात." ते हसण्यावारी गेलं. हे जाईना. महिनाभर मायलेकींचं बोलणं बंद होतं. शेवटी लेकीचा निरोप आला, सुईण म्हणून तूच हवीस, नाही आलीस तर दुसरी शोधेन. आपली पोर दुसरीच्या हाती द्यायची म्हटल्यावर मावशींचा राग कुठल्या कुठे गेला. पिशवी भरून त्या हजर झाल्या.

सकाळपासून कळा अगदी झकास येत होत्या. बारा वाजता दालनाचं दार उघडलं. बघे आत आले, पाय न वाजवता खुर्च्यांवर बसले, आणि तासाभरात कळा लांबत लांबत थांबल्याच. मागच्या खोलीत बसलेल्या डॉक्टरीणबाई येऊन तपासून गेल्या.

"बाळाचे ठोके छान आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "पण पाणी सकाळीच गेलंय. तीनपर्यंत कळा आल्या नाहीत तर मी हिला दवाखान्यात हलवणार, मावशी. गाडी खाली उभी आहे."

मावशींना कारण ठाऊक होतं. मांजरसुद्धा विण्यासाठी कपाटामागचा कोपरा शोधतं. आणि खरं सांगायचं तर, घटकाभर त्यांना आतून बरंही वाटलं. गाडी निघाली की हा तमाशा आपोआप संपणार होता. पण लेकीचा घामेजलेला चेहरा पाहिला आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"यांना घालवते," त्या तिच्या कानाशी म्हणाल्या. "नजरेने कळा बसतात गं. यांना काढलं की येतील परत."

"नको आई. ते गेले तर माझं कामच गेलं."

"लोकांनी तुला उघडीवाघडी बघायचं, हे काम?"

लेक म्हणाली, "मला नाही. तुला बघायचं."

"मला?" मावशींनी विचारलं.

"शाळा सुटली की मी तुझ्या वॉर्डाबाहेर बाकावर बसायचे, आठवतं? आतून बायका ओरडायच्या, मग तुझा आवाज यायचा, मग बाळ रडायचं. आणि तू बाहेर यायचीस ती हात धुऊन, केस नीट करून, जसं काही झालंच नाही. शाळेत विचारायचे, आई काय करते. मला धड सांगता यायचं नाही. तुझं काम कुणी बघितलंच नाही, आई. मीसुद्धा नाही."

दुसऱ्याला बघायची मावशींना सवय होती, स्वतःला बघू द्यायची नव्हती. साधा फोटो काढायचा म्हटलं तरी त्यांचं तोंड वाकडं व्हायचं. पण नजरा हटणार नसतील तर कुणीतरी त्या झेलायला हव्यात, एवढं त्यांना कळलं.

त्यांनी वरचे झगझगीत दिवे बंद करायला लावले, एकच ठेवला. एक बुटकं स्टूल मागवलं आणि लेकीला त्यावर बसवलं, खुर्च्यांकडे पाठ करून. जावई कोपऱ्यात पाण्याची बाटली धरून उभा होता. उंच, रुंद आणि मावशींच्या मते आजवर कशाच्याच उपयोगी न पडलेला. त्याला त्यांनी लेकीच्या मागे टेकायला बसवलं. भिंतच झाली त्याची. स्वतः त्या लेकीसमोर, जावयाच्या आड येणार नाही अशा जरा बाजूला चटईवर बसल्या, तोंड लोकांकडे.

"हिच्याकडे बघायचं नाही," त्यांनी सगळ्यांना बजावलं. "बघायचंच तर माझ्याकडे बघा."

पहिली दहा मिनिटं त्यांचे कान नुसते तापले होते. अडीचला एक कळ आली. मग दुसरी. तीनला डॉक्टरीणबाई आल्या, पाहिलं आणि गाडीचं नाव न काढता परत गेल्या. त्यानंतर मावशींना खुर्च्यांचं भानच उरलं नाही. पडद्याआड हजारो बायकांना जे सांगितलं ते सगळं त्या मोठ्याने बोलत होत्या. "दम धर राणी. आता नाही. आता कर जोर. शिव्या दे हवं तर, मला दे, नवऱ्याला दे, आयता मागेच बसलाय." कमरेवर त्यांचा तळवा फिरत होता. कोमट पाण्याचा कपडा धरून बाळाच्या डोक्याला त्या घाई करू देत नव्हत्या. बाळाच्या मानेभोवती नाळेचा वेढा होता, तो त्यांनी दोन बोटांनी असा सोडवला, की जावयाला पत्ताही लागला नाही. लेक मान खाली घालून ते हात बघत होती. वेदनेने डोळे मिटायचे, की पुन्हा उघडून बघायची.

पावणेपाचला मुलगी झाली. रडली, आईच्या छातीवर गेली आणि गप्प झाली. थोड्या वेळाने वार पडली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मोठ्याने नाक शिंकरत होते. मावशींनी मान वर केली, तर पंचवीस माणसं त्यांच्याकडे बघत होती. आपल्या चेहऱ्याचं आता काय करायचं, हे त्यांना सुचेना. नेहमीच्या सवयीने त्या हात धुवायला उठू लागल्या.

लेकीने त्यांचं मनगट धरलं. "बघितलं का गं त्यांनी?"

"त्यांचं राहू दे. तू बघितलंस ना?"

"सगळं बघितलं," लेक म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

मावशी तशाच न धुतलेल्या हातांनी तिच्याजवळ बसून राहिल्या.