खाकीनंतरचे पोलके

मित्रांनो, मी एक जुने शिलाई मशीन आहे. 'जुने' हा शब्द मी तक्रार म्हणून नव्हे, तर अचूकतेसाठी वापरत आहे.

भिंगारच्या बाजारात, राधाकृष्ण शिंपी यांच्या दुकानात, मी पंधरा वर्षे केवळ पोलीस जवानांचे गणवेश शिवले. जाड खाकी कापड, जाड सुई आणि आवळलेला दोरा, हेच माझे विश्व. माझी टीप हाताने उसवून दाखवावी, अशी पैज राधाकृष्ण लावत आणि ती कोणी जिंकत नसे. या स्तुतीने मी थोडे फुगले होते, हे कबूल केले पाहिजे.

१९९३च्या सुमारास गणवेशाची कामे आटली. आठ-आठ दिवस माझ्यावरची खोळ निघेना. अशात शेजारच्या पुष्पावतीबाई तलम रेशमी कापड घेऊन आल्या. त्यांच्या सहा वर्षांच्या अश्विनीला कोल्हारच्या लग्नासाठी पोलके हवे होते.

"एवढं एक बघतो," राधाकृष्ण पत्नीला, मनकर्णाबाईंना म्हणाले. "न्हाई जमलं, तर मशीन विकून टाकू."

माझे भवितव्य असे वीतभर पोलक्यावर येऊन ठेपले.

राधाकृष्णांनी नेहमीच्या जोमाने पाय मारला. रेशमाला चुण्या पडल्या, बाह्या आक्रसल्या, गळा ताठ उभा राहिला. त्यांनी आधी दोऱ्याला दोष दिला, मग कापडाला, शेवटी मला.

मनकर्णाबाईंनी पोलके उचलून पाहिले. "अहो, पोरगी लग्नाला चाललीय का परेडला?"

"मशीन म्हातारं झालंय."

"मशीनला कशाला नावं ठेवता? तुमचा पाय बघा. आजून खाकीच शिवतोय."

हा युक्तिवाद मला सुखावणारा होता, तरी तो अर्धाच खरा. नरमाई मीही विसरले होते.

राधाकृष्णांनी आपल्या पायाकडे पाहिले आणि ते खुदकन हसले. त्यांनी दोऱ्याचा ताण सैल केला, बारीक सुई बसवली, माझ्या पोटातला वर्षानुवर्षांचा खाकी कचरा ब्रशने काढला आणि तेल सोडले. उरलेल्या चिंध्यांवर आम्ही दोघे नवशिक्यांसारखे गिरवू लागलो. एक चिंधी आवळली, दुसरी ढिली सुटली; सातवीवर टीप सपाट बसली. मग पोलके उसवून पुन्हा शिवले. जाड सुईची भोके दिसू नयेत, म्हणून त्यांवर जरीचा काठ लावला.

अश्विनीने ते घालून स्वतःभोवती गिरकी घेतली. "काका, कुठंच टोचत न्हाई."

"काठ लावायचं तुम्हाला बरं सुचलं," पुष्पावतीबाई म्हणाल्या. "माझा ब्लाऊजपण घ्या शिवायला."

राधाकृष्णांनी काठाचे खरे कारण सांगून टाकले. दुकानात हशा पिकला, आणि मापाची टेप बाहेर आली.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादे मशीन असेल. त्याची धूळ पुसा, त्याला वेळेवर तेल द्या. मात्र ते चालवण्यापूर्वी आज समोर कोणते कापड आहे, तेवढे बोटांनी चाचपून पाहा.