टेबलाखालचा पाणक्या

मित्रांनो, मी पत्त्यांतलं एक जुनं पान आहे. राजा-राणीच्या कॅटमधलं नव्हे. आमच्या खेळात सगळे खेळाडू एका बाजूला असतात आणि समोर असतो अग्निनाग. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. माझं नाव पाणक्या. खांद्यावर कावड, पायांत फाटक्या वहाणा. छापखान्यातल्या जाड कागदावर माझ्या शेजारीच सोनेरी तलवारवाली छापली होती. लोक कुणाकडे बघणार, हे मला तेव्हाच कळलं.

झालंही तसंच. आमची पेटी ज्या घरात आली तिथे बाबा, ताई आणि धाकटी मुंगी जेवणं उरकली की खेळायला बसत. प्रत्येकाने पेटीतली पानं निवडून आपापला कॅट बांधायचा असतो. तिघांचेही कॅट तलवारी आणि आगीच्या गोळ्यांनी भरलेले. माझ्यावर लिहिलं होतं, 'पडलेल्या सोबत्याला उठवा आणि आपली पाळी त्याला द्या.' हातची पाळी कोण सोडणार? ताईने नाक मुरडलं आणि माझी घडी घालून मला डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं. वर ते हरत आणि एकमेकांवर चिडत, ते सगळं मला ऐकू येई. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण टेबल मात्र मी कधी हलू दिलं नाही.

मग ताईचं शिकायला दूरच्या शहरात जायचं ठरलं. ती जायच्या आत अग्निनाग एकदा तरी हरायलाच हवा, हे मुंगीने मनावर घेतलं. फरशीवर पानांचा पसारा मांडून तिने मदतीचा कॅट बांधायला घेतला. ढालवाले घेतले, वैदू घेतला, दिवा धरणारी म्हातारी घेतली. घरंगळलेलं एक पान काढायला ती टेबलाखाली शिरली, तेव्हा मी सापडलो.

बाबा हसले. यात मारणारं एकही पान नाही, म्हणाले.

"मारायला तुम्ही दोघं आहात की," मुंगी म्हणाली.

पहिल्याच डावात घोटाळा झाला. मी तिच्या हातात लवकर आलो, आणि आणखी मोठ्या संकटासाठी म्हणून तिने मला जपून ठेवलं. ताई पडली, मग बाबा पडले. डाव संपला तरी मी तिच्या मुठीतच.

"अगं, मी पडले होते ना?" ताई म्हणाली. "मग कशाची वाट बघत होतीस?"

मुंगीचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी तिने अख्खा कॅट मोडला. हातात अडून बसणारी भारदस्त पानं काढली आणि पुढची पानं भराभर हाती देणारी साधी पानं घातली. मला मात्र ठेवलं.

शेवटच्या संध्याकाळी ताईच्या बॅगा दाराशी भरून तयार होत्या. नागाचा एकच फणा उरला होता, आणि नेमकी ताई पडली. सोनेरी तलवारवाली तिच्याच हातात अडकलेली. पाळी मुंगीची होती. या वेळी तिने क्षणभरही विचार केला नाही. मला टेबलावर ठेवलं.

"ताई, ऊठ. माझी पाळी तू घे."

ताई उठली, तलवार चालली, नाग संपला. बाबांनी मुंगीला खांद्यावर घेऊन घर डोक्यावर घेतलं. ताई मात्र मला हातात घेऊन माझी घडी बोटाने सपाट करत बसली. मित्रांनो, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

सकाळी मुंगीने मला ताईच्या हातात दिलं. "तिकडे पडलीस तर उठवायला कुणीतरी हवं."

"आणि तुझा कॅट?"

"इथे बाबांना मी आहे की."

आता मी ताईच्या वसतिगृहात राहतो. परीक्षेत कमी गुण पडले की ती माझ्याकडे बघत बसते, मग उठून तोंड धुते आणि पुस्तक उघडते. मित्रांनो, तुमच्याही पेटीच्या तळाशी माझ्यासारखं एखादं पान असेल. त्याला वर काढा. आणि कुणी पडलं की ते पान हातात धरून ठेवू नका, खेळा.

ताईच्या इथल्या खोलीतलंही टेबल डुगडुगतं. पहिल्याच दिवशी तिने इकडेतिकडे पाहिलं आणि मला उचललं. माझा जीव गोळा झाला. मग ती हसली, मला दिव्याला टेकवून उभं केलं आणि टेबलाच्या पायाखाली वर्तमानपत्राची घडी सारली.