डाव्या कोपऱ्यातली कचरापेटी

कॉम्प्युटरने तेवीस दिवसांची मुदत दिली तेव्हा कवळीवाल्यांनी आधी चष्मा पुसला. मुदत तशीच होती. पडद्याच्या मधोमध निळी चौकट उभी होती. या सिस्टिमला आता तेवीसच दिवस सुरक्षा मिळेल, पुढे काही झालं तर आमची जबाबदारी नाही, नवी सिस्टिम घ्या. खाली बटणं दोनच. 'आत्ता बदला' आणि 'नंतर आठवण करा'. बदलायचीच नाही, असं तिसरं बटण कुठेच नव्हतं. विचारतंय कोण!

त्यांनी 'नंतर आठवण करा' दाबलं. आठवण करायचं काम त्यांनी या यंत्राकडे दोन वर्षांपूर्वीच सोपवलं होतं, आणि ही गोष्ट जगात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती.

कवळीवाले हे काही त्यांचं नाव नव्हे. चाळीस वर्षं दातांच्या कवळ्या बनवल्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना तसंच म्हणायची. त्या चाळीस वर्षांत त्यांना एका गोष्टीचा भारी राग यायचा. माणसाला नवी कवळी द्यावी, मापाला तंतोतंत, आणि आठ दिवसांत स्वारी परत दारात. बोचते, बोलता येत नाही, माझी जुनीच द्या! जुनीला तडा गेलेला, पुढचा एक दात गायब, तरी तीच हवी. "अहो, होईल सवय! तोंड काय कुठे पळून जातंय का?" असं खेकसून त्यांनी कित्येकांना वाटेला लावलं होतं. आता स्वतःवर वेळ आली होती, आणि खेकसायला त्यांची एकुलती एक मुलगी होती.

"बाबा, कुणीतरी आत शिरेल आणि सगळं पुसून टाकेल," ती फोनवर म्हणाली. "मग बसाल कपाळाला हात लावून."

"माझ्या घरात शिरून कोण काय नेणार?"

"बदलायला हरकत काय आहे तुमची?"

हरकती त्यांनी ढिगाने सांगितल्या. प्रिंटर चालणार नाही. पत्त्यांचा खेळ जाईल. अक्षरं बारीक होतील. ती एकेक हरकत खोडत गेली, अगदी तिच्या आईसारखी. प्रिंटर चालतो, खेळ मिळतो, अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतात. शेवटी त्यांच्याकडे "मला नको म्हणजे नको" एवढंच उरलं, आणि सत्तरी ओलांडलेल्या बापाचं तेवढं उत्तर मुली कुठे ऐकून घेतात?

खरी हरकत सांगण्यासारखी नव्हती.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी ते खांद्यावर टॉवेल टाकून न्हाणीघराच्या दाराशी उभे होते. बायको अंघोळीला गेली आहे, ती आली की आपण जायचं, असा त्यांचा हिशेब. पाच मिनिटं झाली, अर्धा तास झाला. त्यांनी दार वाजवलं, वैतागले, चार शब्द सुनावलेही. मग एकदम लक्षात आलं, की तिला जाऊन तेव्हाच दोन वर्षं झाली होती. ते तिथेच फरशीवर बसले. त्यांच्यापुरती ती त्या दिवशी दुसऱ्यांदा गेली.

आधी त्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या. त्यातली एक मुलीला फ्रिजवर दिसली: 'चहा एकच कप.' तिने विचारलं, त्यांनी डॉक्टरांचं नाव सांगून वेळ मारून नेली. पण तिची नजर काही निवळली नाही. जाताना म्हणाली, "बाबा, एकदा जरी तुमच्या हातून गॅस चालू राहिला ना, तर मी तुम्हाला इथे ठेवणार नाही. सांगून ठेवते." ती तोंडाने बोलते ते करते. हे घर, ही खिडकी, ती तळहातासारखी ओळखीची खुर्ची, सगळं एका दिवसात सुटलं असतं. त्या दिवसापासून कागद बंद.

मग त्यांनी एक फाईल केली. नाव दिलं, 'आजचं'. पहिली ओळ: ही आता नाही, हाक मारू नकोस. मग, चहा एक कप. गॅसचं बटण आडवं म्हणजे बंद. सकाळची गोळी पांढरी, जेवणानंतरची पिवळी. मुलीला मुलगे दोन, उंच तो थोरला, चष्म्याचा तो धाकटा. अशा एकोणीस ओळी.

आणि ही फाईल त्यांनी ठेवली कुठे, तर कॉम्प्युटरच्या कचरापेटीत! हसू नका. कारखान्यात त्यांची हीच रीत होती. कुणाच्या जबड्याचा महत्त्वाचा साचा असला की तो फळीवर ठेवायचा नाही. फळीवरचं जो येईल तो उचलून बघतो, पाडतो. साचा जायचा टेबलाखालच्या भंगाराच्या डब्यात. भंगारात कोण हात घालतंय? चाळीस वर्षांत एक साचा फुटला नाही. इथेही तसंच. नातवंडं सुट्टीत येऊन कॉम्प्युटरची उलथापालथ करायची, पण कचरापेटीत कोण डोकावणार? शिवाय ती कायम डाव्या कोपऱ्यात, वर. कधी हलली नाही.

रोज सकाळी उठल्या उठल्या ते खुर्चीत बसत. हात आपसूक डाव्या कोपऱ्यात जाई. पेटी उघडायची, 'रिस्टोअर' दाबायचं, फाईल बाहेर येते, वाचायची, डिलीट करायची, की गेली परत पेटीत. पहिल्या ओळीला रोज पोटात खड्डा पडायचा. पण निदान खुर्चीत बसून, आपल्याच शब्दांत कळायचं. मग दिवस धड जाई.

मुदत संपायला दोन दिवस उरले तेव्हा मुलगी पिशवी घेऊन दारात हजर. "उद्या सकाळी जुनं सगळं पुसते आणि नवं टाकते. तुमच्या फाइली मी आधी काढून घेईन. हवं ते आवरून ठेवा."

त्या संध्याकाळी ते शांत होते, कारण तोड निघाली होती. कॉम्प्युटरवर 'जबडे' नावाचा एक फोल्डर होता, जुन्या कामांच्या फोटोंचा. मुलीला लहानपणापासून त्या फोटोंची शिसारी. ती तो फोल्डर न उघडता उचलून नेणार. सकाळी फाईल पेटीतून काढायची, 'जबडे'मध्ये टाकायची. बस्स. त्यांनी ते दहादा मनाशी घोकलं.

सकाळी मुलगी उठायच्या आत ते खुर्चीत बसले. पेटी उघडली, फाईल बाहेर काढली, वाचली.  आणि हातांनी पुढचं काम केलं, रोजचं. डिलीट. डोक्याने कितीही घोकावं, हात ऐकतील तर शपथ! ते उठले, आणि फाईलचं जे करायचं होतं ते केलं, असं समाधान मनात घेऊन तोंड धुवायला गेले.

नाश्त्यानंतर मुलगी कामाला बसली. फोटो घेतले, पत्रं घेतली. 'जबडे' उचलताना नाक मुरडलं. मग म्हणाली, "बाबा, कचरापेटीत एकच फाईल दिसतेय. 'आजचं' म्हणून. हवीय का?"

ते लगबगीने तिच्यामागे आले. हिने उघडली तर? मग आठवलं, सकाळीच नाही का आपण ती 'जबडे'मध्ये ठेवली? ही पेटीतली जुनीपुराणी असेल एखादी.

"कचऱ्यातलं कुणी ठेवून घेतं का गं?" ते हसून म्हणाले.

"तेही खरंच," म्हणत तिने बटण दाबलं.

पडदा काळा झाला. त्यावर एक पांढरी रेघ सरकायला लागली, शेकडा दोन, शेकडा पाच. कवळीवाले मागे उभे राहून बघत होते. 

रविवारी संध्याकाळी ती गेली. जाताना तिने दोनदा शिकवलं, अक्षरं मोठी केली, पत्त्यांचा खेळ लावून दिला. चांगली लेक आहे. तिच्याकडे बोट दाखवायला जागा नाही.

सोमवारी सकाळी ते खुर्चीत बसले. हात डाव्या कोपऱ्यात गेला. तिथे नुसता निळा रंग. हात तिथेच फिरत राहिला. कचरापेटी आता उजवीकडे खाली होती, ती पुष्कळ वेळाने सापडली. उघडली. 'इथे काही नाही.' काहीतरी वाचायचं होतं, एवढं त्यांना नक्की वाटत होतं. काय ते मात्र आठवेना. 'जबडे' समोरच होता, पण त्यात फाईल शोधायला फाईल होती हे तरी आठवायला हवं ना? थोड्या वेळाने ती बेचैनीही विरली, आणि पोटात खड्डा पडला नाही. किती दिवसांनी सकाळ अशी हलकी वाटली. गुणगुणतच ते चहा टाकायला गेले.

फोन वाजला.

"काय बाबा, जमतंय का नवीन?"

"झकास! उगाच घाबरलो होतो बघ."

"बघा, म्हणत होते ना मी, होईल सवय."

"हो गं बाई, तू शहाणी. थांब, तुझ्या आईला देतो. अंघोळीला गेलीय, बराच वेळ झाला. येईलच आता."

 पलीकडून "बाबा?" असं एकदा ऐकू आलं, फार हळू. पण फोन तोवर त्यांनी टेबलावर ठेवला होता, चहाच्या दोन कपांशेजारी. एकावर बशी झाकली होती, निवू नये म्हणून. आत गॅसचं बटण उभंच होतं.

त्यांनी न्हाणीघराचं दार वाजवलं. "अगं, आटप की. पोरीचा फोन आलाय."

 त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि ते दाराशी उभे राहिले.