पाणी लागता कामा नये

माझ्या नवऱ्याचं नाव सोपान. तो होता तोवर ते नाव मी कधी तोंडाने घेतलं नाही, बायकांनी घ्यायचं नसतं म्हणून. आता घेते. आता कोण अडवणार आहे मला?

आमची वाडी भाटघर धरणाच्या पाण्याच्या पल्याड, राजगडाच्या पाठच्या अंगाला. भोरला जायचं तर होडी. होडी रखमाजीची, आणि रखमाजी राहायचा समोरच्या काठाला. इकडून हाका मारायच्या, त्याला ऐकू गेल्या तर तो यायचा. नाही गेल्या तर बसा काठावर पाण्याचं तोंड बघत.

सत्तर साल असेल. वैशाखात एक गोरा पोरगा गड उतरून आमच्यात आला. दाढी वाढलेली, पाठीवर मोठं गाठोडं, अंगात सणसणीत ताप, आणि डोक्यावर माणसाहून लांब एक पांढरी फळी. गुळगुळीत, टोकाला निमुळती, खालून नांगराच्या फाळासारखं एक पातं निघालेली. गडापलीकडच्या पाली गावाच्या बाजूने ती घेऊन तो गड चढला होता म्हणे. फळी खाली ठेवून जा, असं तिथल्या लोकांनी सांगून पाहिलं, पण याचा जीव तिच्यात. उतरताना पाय घसरला, फळी दगडावर आपटली आणि तिला मुठीएवढं भोक पडलं.

मुलखामागून मुलूख हिंडणाऱ्या माणसाने एवढं धूड कशाला बाळगावं? वाडीला दुसरा विषय राहिला नाही. कोणी म्हणालं दार आहे, कोणी म्हणालं तिरडी. आल्या आल्या तो अंगणात, फळीचं पातं मातीत रुतवून, तिच्यावरच आडवा झाला, तेव्हा मामंजींनी निकाल देऊन टाकला. मामंजी म्हणजे माझे सासरे, गेनबा.

"बाज हाय त्याची," ते म्हणाले. "कुटं बी निजाया बरी."

मामंजींनी एकदा निकाल दिला की वाडीत कोणी पुढे बोलत नसे. झालं, ती बाज ठरली.

पोराचं नाव टेरी. सोपानचं आणि त्याचं असं जमलं की मला मेलीला हेवा वाटावा. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती, तरी दोघं दात काढून हसत बसायचे. पण ताप काही उतरेना. शेवटी सोपानने त्याला भोरच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. बाजाराचा दिवस. होडीत माणसं, कोंबड्या, भाजीच्या पाट्या. फळीला जागा कुठली? पुढे एसटीत तिला घेतील याचाही भरवसा नाही. मग टेरीने ती मामंजींच्या हवाली केली. भोकावर बोट ठेवलं, आभाळाकडे दाखवलं, धरणाकडे दाखवलं, आणि येत होते त्या चार हिंदी शब्दांतले दोन काढून, हात जोडून म्हणाला, "पानी नहीं. पानी नहीं."

मामंजींनी छातीवर हात ठेवला. "थेंब लागू देनार न्हाई."

परक्याची ठेव म्हणजे मामंजींना देवघरापेक्षा जास्त. आतल्या खोलीत, वाश्यांना दोन दोर बांधून त्यांनी फळी टांगली. धूळ मी पुसायची, तीही कोरड्या फडक्याने. ओलं फडकं दिसलं तर मामंजी अंगावर यायचे. सोपानने एकदा ती एका हाताने उचलून बघितली. "लई हलकी हाय गं," म्हणाला. "आत काय भरलंय कुनास ठावं." मामंजी खोकले, तशी त्याने ती गुमान जागेवर ठेवली.

श्रावणात मला कळा सुरू झाल्या. पाऊस कोसळत होता, वारा असा की होडी कैक दिवसांत इकडे आली नव्हती. बाळाबाई सुईणीने सकाळपासून खटपट केली आणि दुपारी हात टेकले.

"पोर पायाळू हाय, आडकलंय," ती म्हणाली. "ह्ये माज्या हातचं न्हाई. भोरला न्या हिला."

काठावर उभं राहून माणसांनी घसे फोडले. त्या वाऱ्यात रखमाजीला काय ऐकू जाणार? सोपान म्हणाला, मी पोहून जातो, होडी घेऊन येतो. पोहायला तो पक्का होता. घासलेटचा रिकामा डबा पाठीला बांधला, पोरं पोहायला शिकताना बांधतात तसा. दोर मामंजींनी स्वतःच्या हाताने आवळला.

निघताना तो आत आला. छप्पर ठिबकत होतं आणि एक धार नेमकी फळीच्या टोकावर पडत होती. सोपानने डोक्यावरचं घोंगडं काढलं आणि फळीवर नीट पांघरलं, चारी बाजूंनी खोचलं.

"आबांनी शबूद दिलाय न्हवं," मला म्हणाला. मामंजींना तो आबा म्हणायचा. "ह्यो आलोच होडी घिऊन. दम धर."

मी उताणी पडून कळा सोसत होते. डोळ्यांपुढे दुसरं काही नव्हतंच, फक्त ती फळी आणि तिच्यावरचं त्याचं घोंगडं.

दिवेलागणीला पोर झालं. बाळाबाईच्याच हातून झालं, होडीवाचून. मुलगा, पायाळू, धडधाकट. आणि खाली काठाला डबा वाहत आला, दोर तुटलेला. सोपान दुसऱ्या दिवशी सापडला.

पोराला छातीशी घेतलं की मला दूध आणि रडू एकदमच यायचं. कधी त्या लेकराचाही राग यायचा. आपसूक यायचं होतं तर आधी यायला काय झालं होतं तुला, म्हणायची. मामंजी सारखं एकच सांगायचे, "पान्याम्होरं कुनाचं चालतंय, पोरी? काय इलाज न्हवता." मलाही ते पटलं. इलाज नव्हता, एवढ्या एका गोष्टीवर मी दिवस ढकलत होते.

दिवाळी सरली आणि टेरी आला. खडखडीत बरा, गालावर मांस आलेलं. मामंजींनी फळी उतरवली, घोंगडं बाजूला केलं आणि त्याच्यापुढे धरली. कितीतरी दिवसांनी त्यांची मान ताठ झालेली मी पाहिली.

"बग," ते म्हणाले. "थेंब लागला आसंल तर सांग."

टेरीने त्यांना मिठी मारली. मग इकडेतिकडे बघत विचारलं, "सोपान?"

मी पाण्याकडे बोट केलं. त्याला वाटलं पलीकडे गेलाय कामाला. मान डोलावून हसला आणि भोक बुजवायला बसला. उग्र वासाचा कसलासा चीक आणला होता त्याने. तो भरला, घासला, उन्हात वाळवला. दुसऱ्या दिवशी फळी डोक्यावर घेतली आणि निघाला थेट धरणाकडे. आम्ही सगळे मागे.

मामंजींचा जीव खालीवर. "आरं, पानी न्हाई! पानी न्हाई!" ओरडत ते त्याच्यामागे धावले.

टेरीने फळी पाण्यात टाकली. ती तरंगली. तो तिच्यावर पालथा पडला आणि दोन्ही हातांनी पाणी मागे सारत निघाला. वाडीतली पोरं टाळ्या पिटायला लागली. चार भाकरी भाजून व्हायच्या आत तो समोरच्या काठाला लागला, आणि तिथे उभा राहून हाका मारू लागला. "सोपान! ए सोपान!"

आमच्या घरात तीन महिने कोणी ते नाव मोठ्याने काढलं नव्हतं. मी तर जन्मात काढलं नव्हतं. आणि हा परका माणूस ते धरणभर ओरडत होता, आणि समोरून कोणी ओ देत नव्हतं. मला वाटलं, आपणही ओरडावं. पदर तोंडात कोंबला.

मामंजी गुडघाभर पाण्यात तसेच उभे होते. त्यांचं काय झालं ते मला त्यांच्या पाठीवरून कळत होतं. माझंही तेच झालं होतं. इलाज होता. भोक असलं तरी एका खेपेपुरती ती तरंगली असती. माझ्या डोक्यावर टांगलेला होता, आणि त्याला भिजू नये म्हणून सोपान स्वतःचं घोंगडं घालून गेला होता.

टेरी परत आला. दोन्ही हात पसरून म्हणाला, "सोपान?"

मी पुन्हा पाण्याकडेच बोट केलं. मग तेच बोट माझ्या कुंकू नसलेल्या कपाळाला लावलं. या वेळी त्याला कळलं. तो चिखलातच खाली बसला.

मामंजींनी ओल्या फळीवरून हात फिरवला. मग त्याच्यापुढे एक बोट धरलं, दोन धरली, तीन धरली आणि फळीकडे दाखवलं. किती माणसं जातात हिच्यावरून?

टेरीने डोळे पुसले आणि एक बोट वर केलं.

"येकच तर जानार हुता," मामंजी म्हणाले.