बाण दाखवणारी पाटी

मी पाटी बोलतेय. शाळेतली नव्हे, तळ्याकाठची. शाळेतल्या पाटीवरची चूक पुसता तरी येते. माझी चूक येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांनी वाचली.

पेंटरच्या दुकानात माझा जन्म झाला. पत्रा साधाच, पण मजकूर वजनदार: ‘शांतता राखा. येथे दुर्मीळ नदी सुरय पक्षी अंडी घालतो.’ पेंटरनं हौसेनं पक्षीही काढला, पिवळी चोच, काळी टोपी. खाली जागा उरली म्हणून एक लांबलचक बाण काढून दिला. मला न्यायला आलेले वनखात्याचे साहेब खूश झाले. तळ्याची राखण करणाऱ्या मावशी तेवढ्या पुटपुटल्या, “बाण कशाला? न कळलेलंच बरं.”

“अहो मावशी, लोकांना माहिती असली की लोक जपतात,” साहेब म्हणाले.

मलाही ते पटलं. किती ऐटीत उभी राहिले म्हणून सांगू!

सुट्टीच्या दिवशी गाड्या थांबू लागल्या. लोक मला वाचायचे, माझ्याशेजारी फोटो काढायचे आणि बाणाच्या दिशेनं चालू लागायचे. शांतता राखून, हं. चपला हातात घेऊन, कुजबुजत. डोक्यावर पक्षी ओरडत घिरट्या घालायचे, तर एक बाई नवऱ्याला म्हणाली, “बघा, आपल्याला बघून किती खूश झालेत.” अंडी वाळूच्याच रंगाची. काही पायाखाली गेली, बाकीची, सावली धरणारे पक्षी उठून गेल्यानं, उघड्यावर उन्हानं तापून वाया गेली. मावशी हात जोडून लोकांना परत पाठवत होत्या आणि माझा बाण तिकडेच बोट दाखवत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या वर्षी एकही पिल्लू उडालं नाही.

पुढच्या विणीच्या हंगामाआधी मावशींनी मला उपटून पेंटरकडे नेलं.

“हे पुसा आणि लिहा, इथे गटाराचं पाणी सोडतात.”

“पण मावशी, ते खोटं आहे.”

“खऱ्यानं काय झालं ते बघितलंत ना?”

पेंटरनं आपल्या पक्ष्यावरून एकदा बोट फिरवलं. मग त्यानं ब्रश उचलला.

आता लोक मला वाचतात, नाक दाबतात आणि निघून जातात. माझ्या पाठीमागे, स्वच्छ पाण्याच्या काठी, वाळूवर पिल्लं धावताहेत. त्यांच्याकडे बघून जीव सुखावतो, पण लाजही वाटते. खरं सांगायला जन्मलेली मी, अंगावर खोटं मिरवत उभी आहे.

आणि माझी खोड काही जात नाही, बघा. तुम्ही वाचायला थांबलात आणि मी पुन्हा सगळं सांगून बसले. आता एवढं ऐका. कुठलं तळं, ते विचारू नका. नाक दाबा आणि पुढे चला.